राष्ट्रीय सेवा योजना (बुलढाणा जिल्हा)

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पथकांनी गावासाठी काम करण्याची केंद्र शासनाची योजना. गांधी जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुरू. जिल्ह्यातील पथके प्रामुख्याने संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर करायचे असते. प्रभातफेरी, ग्रामसफाई नेहमीचीच. खरे टिकाऊ शिक्षण वनराई बंधाऱ्यात मिळते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरायच्या, तोंडे शिवायची आणि सांधे चुकवत नाल्यात रचायच्या. नाला वाहता असतानाच हे उरकावे लागते. हिवाळी शिबिराची वाट पाहिली, तर बरेचदा अडवायला पाणीच उरत नाही. शेगाव, संग्रामपूरकडील खारपाणपट्ट्यात भूजलच खारे, त्यामुळे तिथे साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे मोल अधिक.