साथीचे दिवस आणि गोव्यातील उपासना : मोडशी ते कोविड



२७ एप्रिल २०२० या दिवशी सोमवार होता आणि म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचे फेस्त होते. दुसऱ्या दिवशी, २८ एप्रिलला, वैशाख शुद्ध पंचमी, म्हणजे डिचोली तालुक्यातील शिरगावच्या श्री देवी लईराईची जत्रा. एकीचा दिवस ईस्टरवरून ठरतो, दुसरीचा आपल्या पंचांगावरून. त्या वर्षी ते लागोपाठ आले. लोककथेप्रमाणे या दोघी सख्ख्या बहिणी. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेंची महामाया, पेडणे तालुक्यात मोरजीची मोरजाई आणि म्हापशाची मीराबाई ही नावे आपल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असतात. या मीराबाईलाच लोक मिलाग्रीस सायबीण मानतात. शिरगावहून म्हापशाला तेल जाते आणि म्हापशाहून शिरगावला मोगऱ्याची फुले येतात, अशी प्रथा सांगितली जाते. फेस्ताच्या दिवशी हिंदूही मेणबत्ती घेऊन रांगेत उभे असतात आणि शिरगावच्या धोंडांचे दर्शन घ्यायला ख्रिस्ती शेजारीही येतात.

२०२० साली दोन्ही बहिणींची अंगणे रिकामी राहिली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्या दोन दिवशी गोव्यात कोविडचा एकही ज्ञात रुग्ण उपचाराखाली नव्हता. २५ मार्चला पहिले ३ रुग्ण सापडले, एकूण ७ झाले आणि त्यांतला शेवटचा १९ एप्रिलला बरा झाला होता. म्हणजे भय समोर दिसत नव्हते, तरी जत्रा भरली नाही आणि फेस्तही गर्दीविना गेले. ज्या उपासनेचा प्राणच समुदायात आहे, तिच्यातून समुदाय काढून घेतला तर मागे काय उरते? हा प्रश्न गोव्याला २०२० साली प्रथमच पडला असे नाही. आजच्या व्याख्यानात तो चर्चच्या अंगाने, आणि जिथे आपल्या देवळांशी त्याचा सांधा जुळतो तिथे देवळांच्या अंगाने, तपासायचा आहे.

प्रारंभ १५४३ पासून करावा लागेल. त्याआधीच्या वर्षी, ६ मे १५४२ रोजी, नवा गव्हर्नर मार्तीं आफोंस द सौझा याच्याबरोबर फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला. तो इस्पितळात राहिला, रुग्णांची सेवा करू लागला आणि हातात लहान घंटा घेऊन रस्त्यांतून मुलांना व नोकरचाकरांना धर्मशिक्षणासाठी गोळा करू लागला. तो दक्षिणेच्या किनाऱ्यावर गेला आणि पुढच्याच वर्षी शहरात एक भयंकर रोग पसरला. वांती, न शमणारी तहान, हातापायांत पेटके आणि काही तासांत मृत्यू. 'लेंदास द इंडिया' या बखरवजा ग्रंथाचा कर्ता गास्पार कोरैया याने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे आणि इथले लोक रोगाला काय म्हणत तेही नोंदवले आहे. तो शब्द आपला आहे : मोडशी. पुढे १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ऑर्त या वैद्यानेही तो नोंदवला. पोर्तुगीजांनी त्याचा 'मोर्देशीं' केला आणि फ्रेंचांच्या कानांनी त्यातून 'कुत्र्याचे मरण' असा अर्थ काढला. आपल्या आजीच्या तोंडी पोटाच्या विकारासाठी असलेला हा साधा शब्द युरोपच्या वैद्यकग्रंथांत जाऊन बसला तो असा.

कोरैयाच्या कथनातील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत. पहिली : रोगाचे मूळ कळावे म्हणून गव्हर्नरने एका मृताचे शरीर वैद्यांकरवी उघडून पाहवले. दुसरी अधिक महत्त्वाची. मृतांची संख्या इतकी वाढली की चर्चच्या घंटा दिवसभर थांबेनात आणि तो नाद ऐकूनच लोकांचा धीर सुटू लागला. तेव्हा गव्हर्नरने मृतांसाठी घंटा वाजवण्यास मनाई केली.

या हुकमाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ख्रिस्ती गावात मृत्यूची घंटा म्हणजे नुसती वार्ता नसते. अमक्या घरचा माणूस गेला, हातातले काम थांबवा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा, असे ते गावाला केलेले आवाहन असते. घंटा बंद करणे म्हणजे मेलेल्याला गावाच्या स्मरणातला त्याचा वाटा नाकारणे. राज्यकर्त्याने जिवंतांचा धीर राखण्यासाठी मेलेल्यांचा मान कमी केला. साथीच्या काळात उपासनेवर नियम घालताना हा व्यवहार दर वेळी करावा लागतो. १५४३ साली तो हुकमाने झाला. पुढे काय बदलले ते पाहू.

मिलानमध्ये १५७६ साली प्लेग आला तेव्हा तिथला आर्चबिशप कार्लो बोरोमेओ याने निराळी वाट काढली. लोकांना घराबाहेर पडण्यास बंदी होती, म्हणून त्याने रस्त्यांच्या चौकांत वेदी मांडल्या. लोक खिडकीतून मिस्सा पाहत, आणि घंटा झाली की आपापल्या दारात उभे राहून एकाच वेळी प्रार्थना म्हणत. म्हणजे गोव्यात जी घंटा भयामुळे मुकी झाली, तीच मिलानमध्ये विखुरलेल्यांना एकत्र बांधण्यासाठी वापरली गेली. मुंबईतही १८९६ च्या प्लेगात वांद्रे आणि आसपासच्या गावठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाने जागोजाग क्रूस उभारले आणि त्यांच्याभोवती उघड्यावर प्रार्थना केल्या. ही मराठी बोलणारी वस्ती. ते क्रूस आजही तिथल्या गल्लीबोळांत दिसतात आणि 'प्लेग क्रॉस' म्हणून ओळखले जातात. चर्चच्या भिंतीआड एकत्र येणे धोक्याचे झाले की उपासना उंबरठ्यावर, वाड्यावर आणि वाटेवर येते, हा धडा या दोन्ही उदाहरणांत आहे.

जुने गोवे मात्र सावरले नाही. साथी पुन्हा पुन्हा येत राहिल्या आणि वस्ती उठत गेली. १६९५ मध्ये व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणेलीला हलवले आणि १७५९ मध्ये ते पणजीला गेले. १८३५ पर्यंत धार्मिक संघ बरखास्त झाले, मठ ओस पडले आणि १८४२ साली ऑगस्टिनियन चर्चचे छप्पर कोसळले. त्या चर्चची प्रचंड घंटा आधी आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ साली पणजीच्या चर्चवर चढली. पणजीच्या बाजारात उभे राहून आपण जो नाद ऐकतो, तो साथींनी रिकाम्या केलेल्या शहराचा आहे.

उपासना जागा सोडूनही जगते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. दिवाडीचा सप्तकोटेश्वर पोर्तुगीजांच्या देवळे मोडण्याच्या धोरणामुळे डिचोलीतील नार्वे गावी आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. आपल्यापैकी कित्येकांचे कुलदेव असे नदीपार झालेले आहेत. साथ आणि धर्मछळ यांची तुलना करू नये. एकात दैव असते, दुसऱ्यात माणसाचा हेतू. पण दोन्हींतून लोक एकच गोष्ट शिकले : वास्तू गेली तरी कुळाचार, दिवा आणि नाव या गोष्टी हातात घेऊन चालता येते.

आता पेडणे आणि डिचोली. हे दोन्ही प्रदेश नव्या काबिजादीतले. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे आले. तोवर सक्तीच्या धर्मांतराचा काळ मागे पडला होता आणि इथल्या लोकांच्या देवस्थानांना व रीतिरिवाजांना हात न लावण्याचे पोर्तुगीजांनी मान्य केले होते. म्हणून इथे हिंदू वस्ती मोठी आणि चर्च थोडी. पेडण्याचे सेंट जोझफ, हरमलचे माउंट कार्मेल सायबिणीचे, डिचोलीचे अवर लेडी ऑफ ग्रेस अशी ती मोजकी नावे. बार्देशात वाड्यावाड्याला कोपेल आणि गावागावाला भव्य इगर्ज असते. तशी दाट वीण इथे नाही. ख्रिस्ती घरे हिंदू शेजारात विखुरलेली. अशा घरांचा धर्म पूर्वीपासूनच बराचसा ओटीवर आणि क्रुसासमोर चाललेला आहे. लदीन घरातच होते. सायबिणीची मूर्ती घराघरांत फिरते आणि एका घरातून दुसऱ्या घरी तिला पोचवायला वाडा जातो. त्या लदीनीला शेजारचा हिंदूही बसतो आणि शेवटी उकडलेले चणे खाऊन घरी परततो.

मार्च २०२० च्या उत्तरार्धात गोव्याच्या आर्चडायोसिसने सार्वजनिक मिस्सा स्थगित केल्या. २४ मार्चच्या केंद्रीय आदेशाने सर्व धर्मांची स्थळे लोकांसाठी बंद झाली आणि अंत्यविधीला २० पेक्षा जास्त माणसे जमण्यास मनाई झाली. त्या वर्षी झावळ्यांचा रविवार ५ एप्रिलला, गुड फ्रायडे १० ला आणि ईस्टर १२ ला होता. ख्रिस्ती वर्षाचा हा गाभाच. पाद्रीने रिकाम्या चर्चमध्ये मिस्सा करावी आणि लोकांनी ती घरी मोबाइलवर किंवा टीव्हीवर पाहावी, अशी व्यवस्था झाली. रोममध्ये २७ मार्चला पोप फ्रान्सिस पावसात भिजलेल्या निर्मनुष्य चौकात एकटेच प्रार्थना करताना जगाने पाहिले होते. इथे हरमलच्या किंवा डिचोलीच्या घरात आई फोन क्रुसाशेजारी टेकवून ठेवी, आणि नेटवर्क गेले की तिला पाठ असलेले रोझरीचे मणी पुढे चालू होत. नव्या यंत्राला तग मिळाला तो या जुन्या घरगुती सवयीमुळे.

याच काळात पत्रादेवी आणि दोडामार्गचे नाके बंद होते. आपल्यापैकी अनेकांची माहेरे, सासरे, शेती सावंतवाडी-दोडामार्गात. १ सप्टेंबर २०२० पर्यंत राज्याची सीमा मोकळी झाली नाही. ख्रिस्ती घरांतले तारवटी तर समुद्रावरच अडकले होते. हजारो गोमंतकीय खलाशी जहाजांवर बसून घरी परतण्याची वाट पाहत होते. नाक्यापलीकडच्या आईला भेटू न शकणारी सून आणि जहाजावरच्या मुलाचा फोन लागण्याची वाट पाहणारी आई एकाच वाड्यावर राहत होत्या. वाड्यावाड्यातील लहान ख्रिस्ती समूहांचा खरा उपयोग तेव्हा दिसला. कोण एकटे आहे, कोणाची औषधे संपली, कोणाच्या घरी काम गेले, हे त्यांना ठाऊक असे.

८ जून २०२० पासून केंद्राने प्रार्थनास्थळे उघडण्यास परवानगी दिली. गोव्यातील चर्चने आणि मशिदींनीही लगेच दारे उघडली नाहीत. १५४३ शी तुलना करायची ती इथे. तेव्हा राज्याने चर्चला थांबवले होते. आता राज्याने मुभा दिली असताना धर्मसंस्था आपणहून थांबली. ३ डिसेंबरचे गोंयच्या सायबाचे फेस्त आणि त्याआधीची नोव्हेना त्या वर्षी यात्रेकरूंविना, पडद्यावरच झाली. मैलोन्‌मैल चालत जुन्या गोव्याला जाणाऱ्या भाविकांना हे किती जड गेले असेल याची कल्पना पंढरीची वारी चुकलेल्या माणसाला येईल. त्याच वर्षी आषाढीला पालख्याही बसने गेल्या होत्या.

पण हा संयम म्हणजे सुखान्त नव्हे. खरी परीक्षा मे २०२१ मध्ये झाली. ९ मेपासून राज्यात संचारबंदी लागली. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातील ऑक्सिजनच्या प्रश्नावर उच्च न्यायालयात सुनावणी चालली होती. १६ मेला तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेले आणि गावोगाव वीज गेली. दुसऱ्याच दिवशी वैशाख शुद्ध पंचमी होती. त्या आठवड्यांत गेलेल्यांना ना भरलेले चर्च मिळाले, ना भरलेले स्मशान. कफनाला हात लावायचा नाही, तोंड पाहायचे नाही, चार माणसांनी निरोप द्यायचा. मिस्सा पडद्यावर पाहता येते. तेरावे पुढे ढकलता येते. पण खांद्याला दुसरा पर्याय नसतो. साथीत उपासनेने किती जुळवून घेतले याचा हिशोब मांडताना जे जुळवता आले नाही तेही त्याच पानावर लिहिले पाहिजे.

पुढे दारे उघडली, गर्दी परतली. शिरगावला धोंड पुन्हा होमकुंडात उतरले, सायबीण पुन्हा घरोघर फिरू लागली. विसरणेही त्याच वेगाने सुरू झाले. इतिहासाच्या अभ्यासकाला इथे थोडी चिंता वाटते. १५४३ विषयी आपण आज बोलू शकतो, कारण एका लेखकाने त्या घंटांची गोष्ट लिहून ठेवली. चर्चमध्ये निदान मृतांची नोंदवही असते. नाव, तारीख, दफनाची जागा त्यात सापडते. आपल्या देवस्थानांच्या दप्तरांत पावणी, मान आणि हिशोब असतात. त्या वर्षी पालखी का निघाली नाही, चार जणांनी विधी कसा उरकला, कोणाचा नवस राहिला, हे त्यांत लिहिलेले मिळेलच असे नाही.

तेव्हा पेडणे-डिचोलीतील वाचनालयांना आणि साहित्यसंस्थांना माझी एक विनंती आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांच्या आठवणी वाड्यावाड्यावर जाऊन लिहून घ्याव्यात. पुरोहिताच्या, पाद्रीच्या, धोंडाच्या, तारवट्याच्या आईच्या, आणि स्मशानात उभे राहिलेल्या त्या चार माणसांच्याही. दोन्ही घरांच्या नोंदी एकाच वहीत असाव्यात. शिरगावचे तेल आणि म्हापशाची फुले ज्या वाटेने जातात, ती वाट त्या वहीलाही ठाऊक आहे. ज्यांच्यासाठी तेव्हा घंटा वाजली नाही, त्यांची नावे तरी त्या वहीत राहतील.