ऑपेरागृहातील शांतता

युरोपातील एखाद्या मोठ्या ऑपेरागृहात जो मनुष्य आज प्रथमच पाऊल टाकतो, त्याच्या मनावर गायनाच्याही आधी तेथील शांततेचा ठसा उमटतो. दिवे मालवतात, दरवाजे लागतात, उशिरा येणारा कितीही प्रतिष्ठित असला तरी त्याला बाहेर तिष्ठावे लागते. आणि दीड-दोन हजार माणसे तास-तास अशी बसून राहतात की, कोणाला खोकला आला तर त्याने अपराध्यासारखे इकडेतिकडे पाहावे. आपल्याकडील सुशिक्षित मंडळी स्वकीय नाट्यगृहांतील गलबल्यावर कोरडे ओढताना या शांततेचा दाखला हटकून देतात. जणू काही ती पाश्चात्त्यांच्या रक्तातच आहे! इतिहास पाहू गेल्यास मात्र तसे आढळत नाही. ऑपेराला जन्मून चारशेंहून अधिक वर्षे झाली. त्यांपैकी निदान पहिली दोन शतके तरी त्याचे श्रोते बोलत होते, जेवीत होते आणि पत्तेही खेळत होते.

पैसे देईल त्याला प्रवेश, असे पहिले ऑपेरागृह व्हेनिस येथे 1637 साली उघडले. तोपर्यंत हा प्रकार राजेरजवाड्यांच्या वाड्यांतच होत असे. पुढे इटलीतील नाट्यगृहांची जी घडण ठरून गेली, ती ध्यानात घेतल्यावाचून तेथील श्रोत्यांचे वर्तन कळावयाचे नाही. घोड्याच्या नालेच्या आकाराचे सभागृह, मध्ये सपाट पिट आणि भोवती मजल्यावर मजले चढविलेल्या लहान लहान कोठड्या, म्हणजे बॉक्स. कडेच्या बॉक्समध्ये बसलेल्याला रंगभूमी तिरपी दिसे, पण समोरच्या बॉक्समधील माणसे स्वच्छ दिसत. मिलान येथील ला स्काला हे विख्यात गृह 1778 साली उघडले, ते बॉक्सच्या मालकांच्याच पैशाने उभारलेले होते. बॉक्स ही घराण्याची मिळकत असे. मालक तो आपल्या आवडीप्रमाणे सजवी, भाड्याने देई, मुलाबाळांना वारसा म्हणून ठेवी. आपल्या मालकीच्या दिवाणखान्यात बसून कोणी मौन पाळीत नाही.

हंगामात एकच ऑपेरा रात्रीमागून रात्री चाले आणि कुटुंब रोज संध्याकाळी तेथेच जाई. भेटीगाठी तेथे, सोयरिकींची बोलणी तेथे, राजकारणाच्या कानगोष्टी तेथेच. दिवे तर खेळभर जळतच असत. त्यांच्या उजेडात पदांचे छापील पुस्तक वाचता येई आणि कोण कोणाच्या बॉक्समध्ये गेले हेही पाहता येई. 1739 साली इटलीत हिंडणाऱ्या द ब्रॉस या फ्रेंच गृहस्थाने मोठ्या मिस्किलपणे लिहून ठेवले आहे की, गद्यप्राय गायनाचा कंटाळा घालविण्यास बुद्धिबळ उत्तम, आणि बुद्धिबळाचा शीण घालविण्यास पदे उत्तम. इंग्रज संगीतेतिहासकार चार्ल्स बर्नी 1770 साली मिलानला गेला, तेव्हा ला स्कालाच्या आधीचे नाट्यगृह उभे होते. प्रत्येक बॉक्सला जोडून शेगडीची स्वतंत्र खोली, तीत फराळाची आणि पत्त्यांची सोय, वरच्या मजल्यावर जुगाराची टेबले! बिचारा बर्नी गाणे ऐकावयास गेला होता. दोन-तीन पदे आणि एक युगुलगीत एवढी वगळता बाकी सारा वेळ असह्य गोंगाट होता, अशी त्याची तक्रार आहे.

या तक्रारीतील 'दोन-तीन पदे वगळता' हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. म्हणजे ती पदे आली की गोंगाट थांबत असे! कोणी घंटा वाजवीत नसे, दिवे मालवीत नसे. तरीही नामांकित गवई पुढे सरसावला की, हातातले पत्ते हातातच राहत. पंधरा वेळा ऐकलेल्या ऑपेरात कोणती जागा कोठे येते हे त्या मंडळींना तोंडपाठ असे आणि कान तिच्याच वाटेवर असत. उलट, दुय्यम पात्राच्या पदाला इटालियन लोकांनी 'सरबताचे पद' असे नावच देऊन टाकले होते, कारण ते चालू असताना लोक थंड पेये घ्यावयास उठत. याला अरसिकता म्हणावे की निवड म्हणावे? माझ्या मते ही अतिपरिचयातून आलेली जाणकारी होती. अवज्ञेचा भागही तीत होता, हे मात्र नाकारता येत नाही.

अशा श्रोत्याच्या हाती केवढी सत्ता असे! मोत्सार्टचा 'फिगारो' 1786 च्या मे महिन्यात व्हिएन्नात रंगभूमीवर आला. तिसऱ्या प्रयोगात सात भाग पुन्हा म्हणावे लागले, त्यांतील एक छोटे युगुलगीत तर तीनदा. अखेर एकाहून अधिक कंठांची गीते पुन्हा म्हणू नयेत, असा हुकूम खुद्द बादशहा जोसेफला काढावा लागला. रोसिनीचा 'सेव्हिलचा न्हावी' 1816 साली रोममध्ये पहिल्या रात्री शिट्ट्यांनी उधळला गेला आणि दुसऱ्याच रात्री त्याच शहराने तो डोक्यावर घेतला. ही सत्ता निष्ठुरही होऊ शके. 1861 साली पॅरिसमध्ये वाग्नरच्या 'टानहॉयझर'चे तीन प्रयोग जॉकी क्लबच्या उमरावांनी हाणून पाडले. कारण काय, तर सावकाश जेवण आटोपून दुसऱ्या अंकाला यावयाचे आणि तेव्हा नृत्य पाहावयाचे हा त्यांचा परिपाठ. वाग्नरने नृत्य पहिल्याच अंकात घातले होते!

तो अपमान वाग्नर विसरला असेल असे वाटत नाही. 1876 साली बायरॉइट येथे त्याने जे नाट्यगृह उघडले, त्यात बाजूचे बॉक्स नव्हतेच. पंख्यासारख्या पसरलेल्या रांगांतून सर्वांची तोंडे रंगभूमीकडे, वाद्यवृंद खाली झाकलेला आणि सभागृहात अंधार. शेजारी पाहण्याची सोयच उरली नाही. मन लावून ऐकणारे श्रोते पूर्वी नव्हते असे नाही. 1774 साली पॅरिसमध्ये ग्लुकचे ऑपेरा ऐकताना लोक अश्रू ढाळीत. परंतु शांततेला दगडविटांत बांधून काढण्याचे काम वाग्नरचे. पुढे 1897 पासून व्हिएन्नात माहलरने उशिरा येणाऱ्यांना दाराशी अडविले आणि भाडोत्री टाळीवाल्यांवर हत्यार उपसले. ला स्कालात तोस्कानीनीने वन्समोरला नकार देण्याचा बाणा धरला. 1903 साली श्रोते हट्टास पेटले तेव्हा तो ते गृहच सोडून गेला आणि काही वर्षे परतला नाही. या मंडळींमुळे ऑपेरा सलग नाटक म्हणून ऐकता येऊ लागला, हा लाभ लहान नव्हे. पण घरमालक होता तो श्रोता देवळातला भाविक झाला. खुद्द वाग्नरलाही याचा प्रसाद मिळाला. 1882 साली 'पार्सिफाल'च्या एका प्रयोगात पुष्पकन्यांच्या प्रवेशाला त्याने न राहवून वाहवा दिली, तो भोवतालच्या भक्तांनी त्यालाच दटावून गप्प केले, असे सांगतात!

आमच्या संगीत रंगभूमीचे नाते यांतील कोणत्या श्रोत्याशी, हे सांगावयास नकोच. 1880 साली किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले, तेव्हापासून बालगंधर्वांच्या काळापर्यंत वन्समोरवर रात्री सरल्या. त्या शब्दाचीही गंमत आहे. इंग्रज श्रोता अशा वेळी फ्रेंच शब्द ओरडतो, फ्रेंच लॅटिन शब्द ओरडतो आणि आम्ही इंग्रजी! मुंबईस 1911 साली बांधकाम पुरे होण्यापूर्वीच पंचम जॉर्ज बादशहांच्या हस्ते उघडलेल्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्येही बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकर गाऊन गेले. ते गृह 1993 साली बंद पडले आणि जीर्णोद्धार होऊन 2016 साली पुन्हा उघडले. म्हणजे ऑपेराच्या नावाने बांधलेल्या वास्तूत जुन्या इटालियन ऑपेराची रीत आमच्याच लोकांनी चालविली, असे म्हणण्यास हरकत नाही.

इटलीतही ती रीत अगदीच मेलेली नाही. ला स्कालातील सर्वांत वरच्या गॅलरीतील मंडळी आजही दबदबा राखून आहेत. 2006 च्या डिसेंबरात 'आयदा' चालू असता त्यांनी पहिल्याच पदानंतर हुर्यो उडविली, तेव्हा रोबेर्तो अलान्या हा ख्यातनाम गायक तडक आत निघून गेला आणि बदली गायकाला अंगावरच्या रोजच्या कपड्यांनिशी रंगभूमीवर उभे राहावे लागले. पुढच्याच फेब्रुवारीत त्याच गृहात हुआन दिएगो फ्लोरेस याने दोनिझेत्तीच्या एका ऑपेरातील पद म्हटले. त्यात तारसप्तकातील उंच षड्ज नऊ वेळा लावावा लागतो. टाळ्या थांबेनात. पद पुन्हा म्हणू नये हा तेथील दंडक 1933 नंतर कोणी मोडला नव्हता. फ्लोरेसने ते पद पुन्हा म्हटले, नऊही षड्जांसह.