शिशाची गोळी

लहानपणी खाडीवर मी गळाच्या दोरीला शिशाची गोळी दातांनी दाबून बसवायचो. शिशाच्या डोक्याचा गळही जुनाच. १९४९ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरी निक क्रीम यांनी घरीच व्हिनाइल तापवून मऊ गांडूळ ओतलं. पुढे दोघांची जोडी जमली आणि समुद्रावरचे हौशी लोक आमिष घरीच ओतू लागले. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, शेगडीवरही जमतं. पण साचा ओला असला तर ते अंगावर उसळतं; त्याची धूळ मुलांच्या मेंदूला बाधते. इंग्लंडमध्ये शिशाच्या गोळ्या गिळून हंस मरू लागले, तेव्हा १९८७ साली लहान शिसवजनांच्या विक्रीवर बंदी आली. मुकी पाखरं मेली, तेव्हा माणूस जागा झाला. आता गोळी मी पकडीनं दाबतो आणि हात धुतो.