महाविद्यालयीन बास्केटबॉल की व्यावसायिक मैदान?

अमेरिकेतील होतकरू बास्केटबॉलपटूपुढे ऐन विशीच्या उंबरठ्यावर एक प्रश्न उभा ठाकतो. विद्यापीठाच्या संघातून खेळत पदवी पूर्ण करावी, की शिक्षण अर्धवट सोडून नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन अर्थात ‘एनबीए’ची वाट धरावी?

नियमांचा प्रवास

शालेय शिक्षण संपून चार वर्षे लोटल्याखेरीज एनबीएत प्रवेश नाही, असा पूर्वी दंडक होता. स्पेन्सर हेवूड याने त्यास आव्हान दिले आणि १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. पुढे केविन गार्नेट (१९९५), कोबी ब्रायंट (१९९६) आणि लेब्रॉन जेम्स (२००३) शाळेतून थेट एनबीएत आले व कीर्तिवंत झाले. मात्र त्याच वाटेने निघालेल्या लेनी कुक याला २००२ मध्ये एकाही संघाने निवडले नाही. २००५ च्या करारान्वये किमान वय १९ वर्षे ठरले. अमेरिकी खेळाडूंसाठी शाळा सुटल्यानंतर एक वर्ष जाणेही आवश्यक झाले. त्यातूनच एक वर्ष महाविद्यालयात खेळून बाहेर पडण्याची रीत रूढ झाली.

क्रमांकाचे महत्त्व

एनबीएचे संघ दरवर्षी ‘ड्राफ्ट’ या निवडप्रक्रियेतून नवे खेळाडू घेतात. तिच्या दोन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीतील खेळाडूला सर्वसाधारणपणे दोन वर्षांच्या वेतनाची हमी मिळते. दुसऱ्या फेरीत तशी हमी नसते. पंजाबचा सतनाम सिंग २०१५ मध्ये महाविद्यालयात न खेळता ५२ व्या क्रमांकावर डॅलस मॅव्हरिक्सकडून निवडला गेला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

थांबण्यातील लाभ आणि जोखीम

टिम डंकन याने दिवंगत आईला दिलेल्या शब्दाखातर वेक फॉरेस्ट विद्यापीठात चार वर्षे काढून पदवी घेतली. १९९७ मध्ये तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे पाच विजेतेपदांचा मानकरी ठरला. पण थांबणे नेहमीच निर्धोक नसते. ड्यूक विद्यापीठाचा झायन विल्यमसन याचा बूट फेब्रुवारी २०१९ मध्ये भर सामन्यात फाटला आणि गुडघा दुखावला. तो सावरला व त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. तरी एका दुखापतीने कोट्यवधींचा करार कसा टांगणीला लागू शकतो, हे साऱ्यांना उमगले.

बदललेले अर्थकारण

पूर्वी महाविद्यालयीन खेळाडूला अधिकृतपणे मिळे ती प्रामुख्याने शिष्यवृत्ती. घरची ओढगस्त असलेल्यांना म्हणूनच घाई करावी लागे. जुलै २०२१ पासून नाव व प्रतिमेच्या वापरातून कमाईची मुभा मिळाली. २०२५ पासून विद्यापीठेही खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. परिणामी, दुसऱ्या फेरीच्या आसपास असलेल्या खेळाडूला आणखी एक वर्ष थांबणे आर्थिकदृष्ट्याही परवडू शकते.

अंदाज घेण्याची सोयही आहे. ड्राफ्टसाठी अर्ज करून, संघांसमोर चाचणी देऊन, ठरलेल्या मुदतीत नाव मागे घेतल्यास परतीचा मार्ग खुला राहतो. पहिल्या फेरीची खात्री असलेल्याने पुढे जावे आणि काठावर असलेल्याने थांबावे, असा हिशेब यातून निघतो. तो मांडताना खेळाडूने स्वतःच्या खेळाचे मोल प्रामाणिकपणे जोखले पाहिजे, आणि ऐन तारुण्यात तेच सर्वांत अवघड असते.