शुक्राच्या चांदणीची साक्ष

सडा टाकायला पहाटे अंगणात आलं की काही महिने पूर्वेला एक ठळक चांदणी दिसते. काही महिने तीच संध्याकाळी पश्चिमेला दिसते. आपण तिला शुक्राची चांदणी म्हणतो. या चांदणीने माणसाची एक फार जुनी समजूत कशी मोडली, ते आज आम्ही सांगणार आहोत.

सूर्य उगवतो, मावळतो, असं आपण अजूनही बोलतो. पायाखालची जमीन हललेली कुणालाच जाणवत नाही. म्हणून जुन्या लोकांनी पृथ्वी मधोमध धरली आणि सूर्य तिच्याभोवती फिरतो असं मानलं. तो काही अडाणीपणा नव्हता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात टॉलेमी यांनी त्यावर गणित बसवलं. कोणता ग्रह कुठे दिसेल, हे त्यातून बऱ्यापैकी सांगता येई. म्हणून ते शेकडो वर्षं टिकलं.

आपल्याकडे आर्यभटांनी ४९९ साली वेगळं सांगितलं. पुढे जाणाऱ्या नावेतून काठावरच्या वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच तारे सरकताना दिसतात; खरी फिरते ती पृथ्वी, स्वतःभोवती. पण त्यांनीही पृथ्वी मधोमधच ठेवली होती. सूर्य मधे आणि पृथ्वी त्याच्याभोवती फिरणारी, अशी सविस्तर मांडणी पोलंडच्या कोपर्निकस यांनी १५४३ साली छापलेल्या ग्रंथात केली.

मग खरं कोणाचं? १६१० साली इटलीत गॅलिलिओ यांनी दुर्बिणीतून शुक्र पाहिला. शुक्रालाही चंद्रासारख्या कला होत्या!

हे गटाच्या बैठकीत करून बघा. अंधाऱ्या खोलीत कंदील ठेवा. तुम्ही थोड्या दूर बसा. एका मैत्रिणीला पांढरा चेंडू घेऊन कंदिलाभोवती फिरू द्या. चेंडू कंदिलाच्या पलीकडे गेला की त्याची उजळलेली बाजू जवळजवळ पूर्ण दिसते. कंदिलाच्या अलीकडे आला की फक्त कोर उरते. टॉलेमींच्या मांडणीत शुक्र कायम सूर्याच्या अलीकडेच राहतो, म्हणजे तो पूर्ण कधीच दिसायला नको. गॅलिलिओंना तो पूर्णही दिसला आणि कोरही दिसली. शुक्र सूर्याभोवती फिरतो, हे ठरलं. पृथ्वीही फिरते याचा भक्कम पुरावा मिळायला मात्र आणखी वेळ लागला. पृथ्वीच्या फेरीमुळे ताऱ्याची जागा किंचित सरकलेली दिसते, हे जर्मनीच्या बेसेल यांनी १८३८ साली मोजून दाखवलं.

गॅलिलिओंना याची मोठी किंमत मोजावी लागली. १६३३ साली रोममध्ये धर्मपीठाने त्यांच्यावर खटला चालवला. सत्तरीच्या घरातल्या या माणसाला गुडघे टेकून आपलं मत मागे घ्यायला लावलं. १६४२ साली मरेपर्यंत ते घरातच नजरकैदेत होते.

या गोष्टीत एक लेकही आहे. गॅलिलिओंची थोरली मुलगी व्हर्जिनिया. आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून हिचंही जुळणार नाही असं धरून वडिलांनी तिला लहानपणीच मठात घातलं. तिथे तिचं नाव मारिया चेलेस्ते झालं. वडिलांवर खटला चालू असताना तिने मठातूनच त्यांच्या घरादाराकडे लक्ष दिलं. तीन वर्षं दर आठवड्याला सात स्तोत्रं म्हणायची, अशीही एक शिक्षा त्यांना होती. ती तिने स्वतःवर घेतली. वडील परत आल्यावर काही महिन्यांतच, १६३४ साली, ती वारली. तिची १२४ पत्रं आजही वाचायला मिळतात. वडिलांनी तिला लिहिलेली पत्रं मात्र उरली नाहीत.

मैत्रिणींनो, सगळे म्हणतात म्हणून एखादी गोष्ट खरी ठरत नाही, आणि डोळ्यांना तशी दिसते म्हणूनही नाही. ती तपासावी लागते. तपासणाऱ्याच्या पाठीशी कुणीतरी उभंही राहावं लागतं. तुमच्या गटात एखादी बाई "हे असंच कशावरून?" असं विचारू लागली, तर तिला गप्प करू नका. तिच्यासाठी कंदील आणा.