खर्जाच्या मागे लागलेली माणसं

१९३०-४० च्या दशकांत अमेरिकेतल्या डान्स बँडमध्ये डबल बेस वाजवणाऱ्याचं दुखणं एकच होतं. माणसाच्या उंचीहून मोठं ते वाद्य गाडीतून कसंबसं न्यायचं, मंचाच्या मागच्या कोपऱ्यात उभं करायचं, बोटांना फोड येईपर्यंत जाड तारा ओढायच्या, आणि ट्रंपेट-सॅक्सोफोन-ड्रमच्या गदारोळात त्यातलं कोणाला काही ऐकू येऊ नये. बेस गिटारचं कूळ या माणसापाशी सुरू होतं. नावात गिटार असली तरी ती फार तर या वाद्याची मावशी. हौसेनं हे वाद्य वाजवता वाजवता मी म्हातारा झालो आणि माझं मत पक्कं होत गेलं ते असं, की लाकूड, तार आणि ॲम्प्लिफायर ही तीन वेगळी घराणी आहेत. ती एकदम वयात आली नाहीत. कधी लाकूड पुढे, कधी ॲम्प, तार तर सगळ्यांच्या मागे. या वाद्याचा आवाज जो घडला तो या मागेपुढे होण्यातून.

पहिलं नाव घ्यायचं ते पॉल टुटमार्कचं. सिॲटल शहरातला हा गायक आणि हवाईयन गिटारचा शिक्षक. त्याच्या मुलानं सांगितलेली हकिकत अशी, की बँडमधल्या डबल बेसवाल्याची त्याला दया येई. त्याच्या वाद्यानं गाडी भरून जाई, म्हणून तो बिचारा नेहमी एकटाच प्रवास करी. १९३६ च्या सुमारास टुटमार्कनं ‘ऑडिओव्हॉक्स ७३६’ नावाचा बेस बाजारात आणला. भरीव लाकूड, चार तारा, मानेवर पडदे, तारेची थरथर विजेत बदलणारा पिकअप, आणि गिटारसारखा आडवा धरून वाजवायचा. आज बेस म्हणून जे ओळखतो ते सगळं त्यात होतं. पण सिॲटलच्या बाहेर त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. मुलगा बड टुटमार्कनं १९४७ मध्ये ‘सेरेनेडर’ नावानं पुन्हा प्रयत्न केला, तोही विरला. या बापलेकांचं नाव बेस वाजवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

श्रेय मिळालं लिओ फेंडरला. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वादकाला काय खुपतं ते ऐकून घ्यायचं आणि बाकावर बसून सोडवायचं, ही त्याची रीत. १९५१ च्या अखेरीस त्याचा ‘प्रिसिजन बेस’ आला. डबल बेसची मोकळी तार साधारण ४१-४२ इंचांची असते; फेंडरनं ती ३४ इंचांवर आणली. पडद्यांमुळे सूर नेमका लागू लागला आणि नाव पडलं ते त्यावरूनच. आडव्या धरलेल्या मानेवर गिटारवालाही तासाभरात बेस धरू शकत होता. लायोनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये मंक माँटगोमेरीनं तो वाजवायला घेतला तेव्हा जाझवाल्यांच्या भुवया उंचावल्या. पण आवाज मागच्या रांगेपर्यंत जात होता, आणि त्यापुढे वाद घालायला जागा नव्हती.

जुन्या फेंडर बेसवर दोन गोष्टी दिसतात आणि आजच्या मुलांना त्या कशासाठी ते उमगत नाही. एक म्हणजे सर्वांत बारीक तारेच्या खाली स्क्रूनं बसवलेली छोटी पट्टी. तिला बोटं अडकवून अंगठ्यानं तारा छेडायच्या असत. दुसरी गोष्ट घोडीवरच्या चकचकीत झाकणाखाली: तारांना चिकटून बसणारा स्पंजचा तुकडा. सूर फार वेळ रेंगाळू नये, ‘धप्’ म्हणून उठावा आणि लगेच विझावा, यासाठी तो होता, कारण डबल बेस तसा वाजतो. नव्या वाद्यानं स्वतःचं काही बोलावं अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. मी अजूनही घोडीपाशी भांडी घासायच्या स्पंजची पट्टी कापून घालतो. जुन्या गाण्यांतला तो आखूड, गोल सूर दुसऱ्या कशानं येत नाही.

लाकूड तयार झालं, पण त्याला तोंड कुठे होतं? बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते. हवेत तिची एक लाट आठ मीटरहून लांब असते. एवढी लाट उठवायला स्पीकरचा कागद मोठा लागतो आणि तो बराच मागेपुढे हलावा लागतो. शिवाय आपला कान या खर्जाला मंद. गिटारइतकं मोठं ऐकू यायचं तर कितीतरी जास्त ताकद लागते. त्यातून गिटारचा ॲम्प बहुधा मागून उघडा असतो. स्पीकरच्या मागची लाट पुढे येऊन पुढच्या लाटेला खाऊन टाकते, आणि खर्जातच हे सर्वांत जास्त घडतं. गिटारच्या ॲम्पमध्ये बेस लावून कागद फाडून घेणारे हौशी वादक आजही भेटतात. फेंडरला हे ठाऊक होतं. १९५२ मध्ये त्यानं ‘बेसमन’ ॲम्प काढला: १५ इंची एक स्पीकर, मागची बाजू बरीचशी बंद, ताकद २६ वॉट. बँड मोठ्यानं वाजू लागले तशी ती अपुरी पडली आणि आवाज फाटू लागला. पुढे १० इंची चार स्पीकरचा बेसमन आला. फाटलेला आवाज बेसवाल्याला नको होता, गिटारवाल्यांना मात्र तोच हवा होता. १९६२ साली लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानात पहिला मार्शल ॲम्प तयार झाला त्याचं सर्किट जवळजवळ जसंच्या तसं बेसमनचं होतं. रॉक गिटारचा गाजलेला गुरगुराट हा बेसच्या ॲम्पचा वंशज आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

दुसरं घराणं ‘ॲम्पेग’चं. एव्हरेट हल हा स्वतः डबल बेस वाजवणारा. १९४० च्या दशकात त्यानं डबल बेसच्या तळाच्या खुंटातच पिकअप बसवला. कंपनीचं नाव त्या खुंटावरून पडलं. १९६० मध्ये त्यांचा ‘बी-१५’ आला: बंद खोकं, १५ इंची स्पीकर, आणि ॲम्प वरच्या फळीवर असा बसवलेला की काम झाल्यावर फळी उलटून तो खोक्याच्या आतच ठेवता येई. हलला स्वच्छ, न फाटणारा आवाज हवा असे. रॉकवर त्याचा राग होता.

आणि आता तार, जिच्याविषयी सर्वांत कमी लिहिलं जातं. डबल बेसच्या तारा पूर्वी तातेच्या, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या असत. पिकअपमधल्या चुंबकाला तात दिसतच नाही. त्याला पोलाद लागतं. पण खर्जासाठी हवी तेवढी जाड, भरीव पोलादी तार कांबीसारखी ताठ होते आणि बेसूर बोलते. म्हणून आत बारीक पोलादी गाभा आणि त्यावर वेष्टण गुंडाळायचं. सुरुवातीची वेष्टणं चपट्या पट्टीची होती: गुळगुळीत, बोटांचा आवाज न करणारी, घुमारदार. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमर्सन अशाच जाड, चपट्या तारांवर, उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवी आणि तुटल्याखेरीज त्या बदलत नसे. त्या मळक्या तारांवर वाजलेल्या गाण्यांवर जगभरची माणसं नाचली. तबकडीवर मात्र १९७१ पर्यंत त्याचं नाव छापलं गेलं नाही.

तारेचं वळण बदललं ते इंग्लंडमध्ये, आणि तेही एका सिनेमामुळे. ‘द थर्ड मॅन’ (१९४९) मधलं अँटन कारासचं झिदर या तंतुवाद्यावरचं वादन ऐकून जेम्स हाउ या इंजिनिअरला झिदर शिकण्याचा ध्यास लागला. तारा मिळेनात, म्हणून त्यानं त्या गुंडाळायचं यंत्र स्वतः बांधलं. त्यातून ‘रोटोसाउंड’ कंपनी उभी राहिली. १९६६ मध्ये ‘द हू’ या रॉक बँडचा बेसवादक जॉन एंटविसल त्याच्याकडे गेला. बेसनं पियानोसारखं खणखणीत वाजावं, ही त्याची मागणी. दोघांनी मिळून गोल तारेचं वेष्टण बेसला बसवलं, आणि ताणाचा नि गाभ्याचा मेळ जमल्यावर खर्जाच्या तारेतून वरचे स्वरांश झणझणून बाहेर पडले. फेंडरचा बेस येऊन पंधरा वर्षं झाली होती. डबल बेसची नक्कल सोडून ते स्वतःच्या आवाजात बोललं ते इथे.

गोल तारेची खोड अशी, की तिच्या खाचांत घाम आणि मळ बसतो आणि झणझणाट काही आठवड्यांत विझतो. नवा संच महाग, म्हणून हौशी वादक तारा उकळतात. सैल वेटोळं करून उकळत्या पाण्यात दहाएक मिनिटं ठेवायचं. पाण्यावर करडा तवंग येतो. मग कापडानं कडकडीत कोरड्या करून पुन्हा चढवायच्या. चारआठ दिवस तरी आवाज परत येतो. नवी तार चढवताना ती खुंटीपलीकडे वीतभर जास्त घ्यायची, आधी काटकोनात वाकवायची आणि मगच कापायची. आधी कापली तर गाभ्यावरचं वेष्टण सैल सुटू शकतं, आणि मग ती तार मेली.

मुंबईच्या सिनेसंगीतात आधी डबल बेस आणि मग बेस गिटार आली ती प्रामुख्यानं गोव्याच्या वादकांच्या हातून. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदातले बेसवादक टोनी वाझ यांची बोटं कित्येक मराठी घरांत नाव न कळता ऐकली गेली आहेत. आम्हा हौशी लोकांचं जग निराळं होतं. आयातकरामुळे परदेशी वाद्य हाताबाहेरचं. तारांचा संच बोटीवर नोकरी करणारा कोणी मित्र आणील तेव्हा. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात बेस लागायचा तो मंडपवाल्याच्या ॲम्प्लिफायरला. तो भाषणासाठी केलेला, पुढे लोखंडी कर्णा. कर्ण्यातून खर्ज बाहेर पडतच नाही. पडते ती नुसती टकटक. हातात १९५१ नंतरचं वाद्य, आणि अवस्था टुटमार्कच्या काळातल्या डबल बेसवाल्याची. आमच्यातल्या कोणीतरी जुन्या रेडिओग्रामचा मोठा स्पीकर प्लायवूडच्या बंद खोक्यात बसवला, तेव्हा आपण काय वाजवतो ते आम्हाला पहिल्यांदा कळलं.

तिकडे ताकदीची शर्यत सुरू झाली होती. हलनं कंपनी विकल्यानंतर, १९६९ मध्ये त्याच ॲम्पेगनं ‘एसव्हीटी’ काढला: ३०० वॉट, १४ व्हॉल्व्ह, १० इंची आठ स्पीकरचं कपाटाएवढं खोकं. रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात तो गाजला. कानाला कायमची इजा होऊ शकते, अशी सूचना त्यावर छापलेली असे, आणि ती पोकळ नव्हती. आयुष्यभर मोठ्या आवाजात उभा राहिलेला एंटविसल उतारवयात जवळजवळ बहिरा झाला. ऐकू जावं म्हणून चाललेल्या धडपडीनं वाजवणाऱ्याचाच कान घ्यावा, याचं मला फार वाईट वाटतं. तालमीतही कानात बोळे घाला, असं मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

आता व्हॉल्व्ह आणि लोखंडी ट्रान्सफॉर्मरचं ओझं गेलं. ५०० वॉटचा ॲम्प दोन-अडीच किलोंत येतो आणि बेसच्या पिशवीच्या खिशात मावतो. निओडिमियमच्या चुंबकामुळे स्पीकरही हलका झाला. खोकं मात्र एका मर्यादेखाली लहान होत नाही. कोंडलेली हवा फार थोडी असली तर ती कागदाला हलूच देत नाही, आणि खालची तार आवाजाऐवजी नुसती धडपड करते. सत्तरीच्या वादकालाही त्यामुळे ॲम्प एका हातानं नेता येतो, आणि स्पीकरच्या खोक्यासाठी जोडीदार शोधावा लागतो.