किशोर साहू : नागपूरवरचे एक ऋण

आवडता चित्रपट-दिग्दर्शक निवर्तला की त्याच्या गावाने शोकसभा भरवावी, तसबिरीला हार घालावा आणि जाणत्यांनी चार शब्द बोलावेत, ही आपल्याकडची रूढ रीत आहे. परंतु ज्या गावाचा त्याच्यावरील हक्क सरकारी फेरफारात लुप्त झाला, त्या गावाने कोणत्या नात्याने शोक करावा, हा प्रश्न किशोर साहू यांचे नाव निघताच नागपूरकरांपुढे उभा राहतो.

१९१५ साली आजच्या छत्तीसगडात जन्मलेल्या साहूंच्या तारुण्यात नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाड या अफाट मुलखाची राजधानी होती. दुर्ग, रायपूर, बिलासपूर या जिल्ह्यांना सचिवालयाचे हुकूम इथून सुटत, आणि १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाची पदवी हीच तिकडच्या होतकरू तरुणांची सनद असे. ती सनद घेऊन कथालेखनाचा छंद असलेला हा युवक मुंबईस गेला आणि १९३७ च्या ‘जीवन प्रभात’मध्ये देविका राणींसमोर नायक म्हणून उभा राहिला.

पुढे त्यांनी सुमारे वीस चित्रपट दिग्दर्शित केले. ‘सिंदूर’मध्ये (१९४७) विधवेच्या पुनर्विवाहाचा कैवार घेतला, ‘मयूरपंख’ १९५४ च्या कान महोत्सवाच्या स्पर्धेत गेला, आणि त्याच वर्षी शेक्सपिअरचा ‘हॅम्लेट’ हिंदीत आणून त्याची भूमिका स्वतः करण्याचे धाडसही त्यांनी केले. ‘दिल अपना और प्रीत पराई’मधील (१९६०) नौकेवरचा प्रसंग त्यांच्या कलेची खूण पटविण्यास पुरेसा आहे : ज्याच्यावर मन जडले तो डॉक्टर नववधूसह समोर बसलेला, आणि परिचारिका झालेली मीनाकुमारी चेहऱ्यावरचे स्मित ढळू न देता गाते आहे. तेथे आक्रोश नाही की अश्रूंचा पूर नाही. सारे दुःख त्या संयत मुद्रेवर सोपवून दिग्दर्शक बाजूस होतो. ‘गाईड’मधील लेण्यांत रमलेला, पत्नीला पारखा झालेला मार्को त्यांनीच साकारला, हे तर अनेकांच्या स्मरणात असेलच.

२२ ऑगस्ट १९८० रोजी बँकॉक येथे त्यांचे देहावसान झाले, तेव्हा तो जुना प्रांत उरला नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, छत्तीसगड मध्यप्रदेशात राहिले आणि २००० साली स्वतंत्र राज्य झाले. त्या राज्याने आपल्या सुपुत्राच्या नावे पुरस्कार स्थापिला, हे सर्वथा उचित झाले. असा गौरव उशिरा होणे चित्रपटसृष्टीला नवे नाही : दादासाहेब फाळके १९४४ साली नाशिकास निवर्तले आणि त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ साली सुरू झाला. साहूंची हिंदी आत्मकथाही त्यांच्या मृत्यूनंतर साडेतीन दशके लोटल्यावर ग्रंथरूपाने आली. उशिरा का होईना, ज्याने त्याने आपला वाटा उचलला.

नागपूरचा वाटा मात्र अद्याप बाकी आहे. प्रांतांच्या वाटणीत दफ्तरे वाटली जातात, कर्जे आणि इमारती वाटल्या जातात. विद्येचे नाते कोणत्याही वाटणीपत्रात बसत नाही. म्हणून त्यांच्या पुण्यतिथीस विद्यापीठाने त्यांचे चित्रपट विद्यार्थ्यांना दाखवावेत, कोणा व्यासंगी नागपूरकराने त्यांची आत्मकथा मराठीत आणावी, आणि पुतळ्याच्या वर्गणीआधी जुन्या चित्रफितींच्या जतनासाठी पैसा उभारावा. दिग्दर्शकाची कृती पुन्हा पाहिली जाते तेव्हाच त्याला खरी श्रद्धांजली मिळते, आणि ती वाहण्याचा अधिकार नागपूरला आजही आहे.